जिहाद म्हणजे जिद्द, सर?

तांबोळी सर, सध्या तुमच्याबद्दल फार चांगलं बोललं जातंय आणि मला त्याचा संशय येतो. माणूस गेला की त्याचे गुण आठवतात, एवढं मलाही कळतं. पण आपल्या शाळेतल्या ज्या मंडळींना आज तुमचे गुण तोंडपाठ आहेत, त्यांना ते तुम्ही समोर बसून डबा खात होतात तेव्हा कसे दिसले नाहीत, असं विचारावंसं वाटतं. दारातल्या फळ्यावर रंगीत खडूने तुमचं नाव लिहून वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंय. 'युसूफ'मधला 'सू' ऱ्हस्व काढलाय. तुम्ही आधी तो दीर्घ केला असतात आणि मगच गेला असतात. मी तो तसाच ठेवलाय. बघू दे लोकांना, तुमच्याशिवाय ही शाळा कशी लिहिते ते.

तुम्ही मला 'फौजदार बाई' म्हणायचात. बाकी सगळ्यांसाठी मी इतिहास शिकवणारी कुलथे बाई, तुमच्या तोंडी मात्र फौजदारच. कारण माझा स्वभाव. दूधवाल्याने थोडं वरचं माप घातलं तरी मला वाटतं, आज यात पाणी आहे. त्यात माझे यजमान लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन, त्यामुळे कोण आलं, कशाला आलं, ही भाषा घरात लग्नापासूनची. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुमच्या दारात देव आला तरी तुम्ही त्याचं ओळखपत्र बघाल." मी म्हणायचे, "बघीनच. देव म्हणून कोणीही येतं." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते संशयाबद्दलच आहे. तुम्ही मराठीचे शिक्षक. इतकी वर्षं तुम्ही एक वाक्य शिकवलंत, आणि ते चूक आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, असा माझा संशय होता. तो मी तुमच्या तोंडावर बोलूनही दाखवला होता. त्याचं सरळ उत्तर न देता तुम्ही निघून गेलात, हे मला मान्य नाही.

आपण दोघं एकाच जूनमध्ये देवळाली कॅम्पातल्या या शाळेत लागलो, नव्वदनंतर लगेचच. तुम्ही पेठची नोकरी सोडून आला होतात. पेठला डोंगरातली पोरं तुम्हाला 'गुरजी' म्हणायची आणि नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न विचारायची नाहीत, असं तुम्ही सांगायचात. कॅम्पात दुसरा प्रश्न असतोच. इथली निम्मी मुलं जवानांची, कोणी पंजाबचं, कोणी बिहारचं. उरलेली बाजारातल्या दुकानदारांची आणि आसपासच्या मळेवाल्यांची. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की वर्गाची तावदानं थरथरायची. नवे शिक्षक दचकायचे. तुम्ही वाक्याच्या मध्येच थांबायचात, धडाका होऊ द्यायचात आणि मग राहिलेलं क्रियापद उच्चारायचात.

तुमचा एक खेळ होता, 'पाहुणे शब्द'. कागद, शाई, हजेरी, वकील, तारीख, फौजदार. एकेक शब्द फळ्यावर लिहायचा आणि तो कुठून आला ते मुलांनी ओळखायचं. "हे पाहुणे म्हणून आले, आता यांचं नाव रेशनकार्डावर आहे," असं तुम्ही म्हणायचात. पुढे 'दहशतवाद' हा शब्द पेपरात रोज यायला लागला, तेव्हा तुम्ही डबा उघडता उघडता मला म्हणालात, "बाई, बघा. दहशत अरबी आणि वाद संस्कृत. एवढा एकच शब्द आपण दोघांनी मिळून केला." बाकीचे हसले. मला तुमचा विनोद कळला, पण मला आधी हसू येत नाही, आधी शंका येते. हे बोलताना या माणसाला आतून काय वाटत असेल, हीच शंका.

अयोध्येनंतरचा तो डिसेंबर आठवतो का? स्टाफरूमचं दार तुम्ही ढकललंत की आतलं बोलणं बंद व्हायचं. तुम्ही दारातच उभं राहून म्हणायचात, "चालू द्या, चालू द्या, मी फक्त खडू न्यायला आलोय." खडू तर तुमच्या खिशात असायचे. सदऱ्याचा खिसा खडूच्या भुकटीने पांढरा झालेला सगळ्यांना दिसायचा. तरी कोणीतरी उठून तुम्हाला खडू द्यायचं आणि तुम्ही तो घेऊन जायचात. त्या खोलीत मीही होते. त्या दिवसांत मी कोणावरच विश्वास ठेवला नाही, बोलणाऱ्यांवर नाही आणि गप्प बसणाऱ्यांवर तर अजिबात नाही. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा खडू न्यायला यायचात.

मग अमेरिकेतले ते मनोरे पडले. टीव्ही दिवसभर तेच तेच दाखवत होता. 'जिहाद' हा शब्द तोवर आपल्या मुलांच्या कानावर फारसा गेला नव्हता. इंग्रजी वाहिन्यांवर तो दर वाक्याला यायला लागला, नेहमी 'टेररिझम'ला चिकटून, आणि आपल्या पेपरांनी त्याचं घाईघाईने 'धर्मयुद्ध' करून टाकलं. आठवीच्या वर्गात एकाने तुम्हाला विचारलं, "सर, जिहाद म्हणजे काय?" मी शेजारच्या वर्गात होते. मधल्या भिंतीला वर झरोका असल्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. थोड्या वेळाने फळ्यावर खडू वाजला आणि तुम्ही म्हणालात, "पाहुणा शब्द आहे. तुम्हाला माहीत असलेल्या शब्दाचा भाऊ. जिहाद म्हणजे जिद्द. नापास झालात आणि पुन्हा परीक्षेला बसलात, ती जिद्द. आळस आला तरी पहाटे उठलात, ती जिद्द. स्वतःशी भांडायचं. एवढंच."

मागच्या बाकावरून एका हवालदाराच्या मुलाचा आवाज आला, "सर, ज़िद करने पे तो मम्मी मारती है." सगळा वर्ग हसला. त्याचं काय चुकलं? हिंदीतली जिद म्हणजे हट्ट आणि मराठीतली जिद्द म्हणजे पाठीवर शाबासकी. एकाच शब्दाने एका घरात मार बसतो आणि दुसऱ्या घरात बक्षीस मिळतं. तुम्ही त्याला म्हणालात, "मग तू मराठीत जिद्द कर, हिंदीत नको करू." असं उत्तर ज्याला जागच्या जागी सुचतं त्या माणसाचा मला हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच हिवाळ्यातल्या ईदला आम्ही दोघं तुमच्याकडे आलो होतो. रझियाभाभींचे भाऊ मालेगावहून आले होते, तिथल्या मदरशात अरबी शिकवणारे. तुमची निलोफर तेव्हा शाळेत जाणारी, शीरखुर्म्याच्या वाट्या सांभाळून आणत होती. तिनेच कौतुकाने सांगितलं, "मामू, अब्बांनी वर्गात सांगितलं, जिहाद म्हणजे जिद्द." मामूंनी चमचा खाली ठेवला.

"दूल्हाभाई, ये आपने कहाँ से निकाला? ज़िद अलग लफ़्ज़ है. अरबी में उसका माने है उलट, ख़िलाफ़. जिहाद निकला है जहद से, यानी मेहनत, कोशिश. अपने नफ़्स से, अपने मन की बुराई से लड़ना भी जिहाद, माँ-बाप की ख़िदमत भी जिहाद. और मैदान की लड़ाई भी है, पर उसकी शर्तें हैं. औरत, बच्चा, बूढ़ा, जो लड़ नहीं रहा, उस पे हाथ नहीं उठता. बेक़सूर को मारना फ़साद है, जिहाद नहीं."

मी वाटी हातात धरून ऐकत राहिले. गंमत बघा, सर. आपल्या मराठीने ज्या शब्दाला डोक्यावर घेतलं त्याचं मूळ 'विरुद्ध', आणि ज्या शब्दाने लोकांची झोप उडवली त्याचं मूळ 'कष्ट'. दोन पाहुण्यांची अदलाबदल झाली आणि ती केली कोणी, तर शाईचं आणि कागदाचं गाव सांगणाऱ्या माणसाने. ते तुम्हाला आधी माहीत नव्हतं, असं मानायला मी तयार नाही. बरं, मानलं की नव्हतं. त्या दिवसानंतर तरी होतं ना? 'फसाद' हा शब्द तर आपल्याकडे आयता होता. दंगा-फसाद आपण रोज म्हणतो. त्या सगळ्या दिवसांत तो कोणी वापरला नाही, आणि तुम्हीही नाही. तुम्ही मामूंना एवढंच म्हणालात, "शीरखुर्मा ठंडा हो रहा है."

सुट्टी संपल्यावर प्रार्थनेच्या वेळी चार शब्द बोलायची पाळी तुमची होती. तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. जिहाद म्हणजे जिद्द. मी तुम्हाला जिन्यात गाठलं.

"सर, मामूंनी सांगितलं ना परवा?"

"बाई, मेव्हण्याचं कोण ऐकतं?"

"ऱ्हस्व-दीर्घासाठी पोरांना अख्खं पान पुन्हा लिहायला लावता आणि इथे अख्खा शब्द चुकवता?"

"ऱ्हस्व-दीर्घाला नियम आहेत," तुम्ही म्हणालात आणि वर्गात गेलात.

तुमचं वाक्य मग कॅम्पाबाहेर गेलं. कुठे काही झालं की शांतता समितीच्या बैठकीला तुम्हाला बोलावणं यायचं. मालेगावात स्फोट झाले तेव्हा मेलेल्यांत नमाज पढून बाहेर पडलेली माणसं होती, तरी आवाहन करायला खुर्ची तुम्हालाच दिली. तुम्ही आवाहन केलंत आणि शेवटी तेच वाक्य म्हणालात. लोकांना ते आवडायचं. म्हणूनच मला आवडायचं नाही. ज्या वाक्याने समोरच्या कोणालाच काही त्रास होत नाही, ते वाक्य कोणाच्या सोयीचं आहे, हे मी बघते. तुम्ही बैठकीहून आलात की तुमचा चेहरा थकलेला असायचा आणि मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "चहा बरा होता."

आणि त्या अमेरिकन शिक्षिका. कुठल्याशा क्लबाच्या ओळखीने आपल्या शाळेत आल्या होत्या. आपल्या हेडसरांनी आम्हा सगळ्यांची ओळख विषयावरून करून दिली, भूगोल, गणित, इतिहास. तुमच्यापाशी आले आणि म्हणाले, "अँड दिस इज अवर मुस्लिम टीचर." मराठी हा विषय राहूनच गेला. मग त्यातल्या मोठ्या बाईंनी तुम्हाला जिहादविषयी विचारलं. तुम्ही मराठीत सांगितलंत, जिहाद म्हणजे जिद्द. इंग्रजीच्या सरांनी डोकं खाजवलं आणि त्याचं केलं 'स्टबर्ननेस'. बाईंनी मान डोलावत ते लिहून घेतलं. म्हणजे तिकडे कुठल्यातरी शाळेत आता सांगत असतील की भारतातल्या एका मुसलमान शिक्षकाने जिहादचा अर्थ हट्टीपणा असा सांगितला, आणि ऐकणारे म्हणत असतील, बरोबर, आम्हाला वाटलंच होतं.

त्यांचा पुढचा प्रश्न इंग्रजीच्या सरांनी गिळला. तुमच्या वर्गात मुलांना सुरक्षित वाटतं का, असा तो प्रश्न होता. ते तुम्हाला म्हणाले, "मुलांविषयी विचारतायत." पण इंग्रजी तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. तुम्ही म्हणालात, "त्यांना सांगा, गृहपाठ केला नसेल तर नाही." ते भाषांतर मात्र नीट झालं आणि त्या खूप हसल्या. बाई वाईट नव्हत्या. मुलांना पेनं वाटली, पोहे मागून घेतले. त्यामुळेच मला जास्त लागलं. त्यांनी हा प्रश्न मला विचारला नाही, इंग्रजीच्या सरांना विचारला नाही, आणि छडी तर तिघांत मीच जास्त चालवायचे. त्या दिवशी तुम्ही हसलात त्या हसण्यावरही माझा विश्वास बसला नाही.

नंतर मी मुद्दाम एक गोष्ट केली. नववीला युरोपचा धडा होता, त्यात क्रूसेडचा उल्लेख येतो. मी तो तास क्रूसेडवरच घेतला. ख्रिस्ती राजे धर्माचं नाव घेऊन कसे लढले ते सांगितलं. मुसलमानांकडे जिहाद हा शब्द होता, त्याचा अर्थ कष्ट, प्रयत्न, स्वतःशी झगडा आणि लढाईसुद्धा, हेही सांगितलं. मग सांगितलं की आज इंग्रजीत कोणीही स्वच्छतेची क्रूसेड काढतं, दारूबंदीची काढतं आणि कोणाला वावगं वाटत नाही. त्या शब्दाला आंघोळ घालून, चांगले कपडे घालून लोकांनी माणसांत बसवलं. जिहादला कोणी आंघोळ घातली नाही. मुलांनी ऐकलं, उतरवून घेतलं, घंटा झाल्यावर पाणी प्यायला पळाली. एकाही पालकाची तक्रार आली नाही.

मी ते तुम्हाला ऐटीत येऊन सांगितलं. "सगळा अर्थ सांगितला, सर. लढाईसुद्धा म्हणाले. काही आभाळ कोसळलं नाही."

तुम्ही डब्याचं झाकण लावत होतात. "बाई, 'लढाईसुद्धा' हे तुम्ही म्हणालात तर ती माहिती. मी म्हणालो तर ती कबुली."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"काय?"

"की जिद्द चूक आहे."

तुम्ही बराच वेळ डब्याचं झाकणच लावत राहिलात. मग म्हणालात, "त्या एका 'सुद्धा'ची उत्तरं मला कुठे कुठे जाऊन द्यावी लागतील, ते तुम्हाला नाही कळायचं."

"आणि अर्धा अर्थ सांगितलात तर उरलेला अर्धा टीव्ही सांगतो. तुमचीच पोरं घरी जाऊन तो ऐकतात. उद्या त्यांना वाटेल, सरांनी आपल्याला फसवलं."

घंटा झाली. तुम्ही उठलात. तो वाद आपण पुढे किती वेळा काढला, पण त्याच्या पलीकडे कधी गेलो नाही. मी आजही माझ्या जागेवरून हललेले नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. तुमचं भय खरं होतं. माझं म्हणणंही खरं होतं.

पण भांडणच सांगत बसले तर तुमच्यावर अन्याय होईल. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुम्ही महिनोन्‌महिने माझे शेवटचे तास घेतलेत आणि हेडसरांना कळू दिलं नाहीत. इतिहासाच्या तासाला तुम्ही शब्दांचाच इतिहास शिकवत होतात, हे मला सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना कळलं. सनावळ्या सगळ्यांच्या चुकलेल्या, पण 'पेशवा' शब्द कुठून आला ते वर्गातल्या एकूण एक मुलाने लिहिलं होतं. माझा मुलगा दहावीला मराठीत अडकला तेव्हा रविवारी सायकलवर येऊन त्याला शिकवलंत आणि भाकरी-ठेच्याशिवाय माझ्या घरचं काही घेतलं नाहीत. माझ्यासारख्या बाईला सख्खा भाऊ असता तर तो बहुतेक असाच असता, आणि त्याच्याशीही मी अशीच भांडले असते.

रिटायर झाल्यावर नाशकात राहायचं तुमच्या मनात होतं. इंदिरानगरला फ्लॅट बघत होतात. तुम्हीच येऊन सांगायचात आणि हसायचात. फोनवर तुमचं मराठी ऐकून समोरचा म्हणायचा, "या ना सर, तांबोळी ना, चांगली फॅमिली पाहिजेच आहे." तांबोळी आडनावावरून कोणालाच काही कळत नाही. युसूफ म्हटलं की सगळंच कळतं. मग तो फ्लॅट नेमका आदल्या संध्याकाळी गेलेला असायचा. एकदा मी तुमच्याबरोबर आले आणि त्या माणसाला विचारलं, "कोणाला दिला? नाव सांगा." तो घाबरला. तुम्हीच त्याला सावरून घेतलंत, म्हणालात, "बाई फौजदार आहेत, मनावर घेऊ नका." जिना उतरताना तुम्ही म्हणालात, "त्याला खोटं बोलायला लावू नका हो. त्याला ते नीट जमतही नाही." तुम्हाला लोकांची अशी काळजी वाटायची आणि मला त्याचा राग यायचा.

आणि मग एका सकाळी दाढी करता करता तुम्ही खाली बसलात ते उठलाच नाहीत. रिटायरमेंट जवळ आली होती. मी तुमच्याकडे पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या आणि आपल्या शाळेचा निम्मा स्टाफ तुमच्या घरी पहिल्यांदाच आला होता.

तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. मी मधे एकदा दुपारी भाभींकडे गेले होते. भाभी नमाजाला उठल्या तेव्हा निलोफर माझ्याजवळ येऊन बसली. आता कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तुमच्यासारखीच वाक्य पूर्ण करते. म्हणाली, "बाई, शाळेत अब्बांच्या नावाने 'जिद्द' पुरस्कार ठेवणार आहेत."

"ऐकलं मी."

"मामू त्या ईदला काय म्हणाले ते मला आठवतंय. मी वाट्या घेऊन उभी होते. त्यानंतरही अब्बा तेच सांगत राहिले." मग खाली बघून म्हणाली, "अब्बा खोटं बोलायचे का, बाई?"

मला त्या क्षणी तुमचा फार राग आला, सर. हा प्रश्न तुम्ही माझ्यासाठी ठेवून गेलात. मुलगी बापाला दोनदा गमावायच्या बेतात होती. मी संशयी आहे, पण खोटारडी नाही. मी तिला जिना सांगितला, डब्याचं झाकण सांगितलं, माहिती आणि कबुली सांगितली. 'मला वाटतं त्यांना माहीत होतं' असं न म्हणता 'त्यांना माहीत होतं' असं म्हणाले. ती रडली नाही. फक्त विचारलं, "म्हणजे ते घाबरत होते?" मी म्हटलं, "हो. स्वतःसाठी कमी, तुमच्यासाठी जास्त." हे शेवटचं तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. तरी मी ते सांगितलं, कारण तेवढ्याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

गेल्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. भाषणं झाली. तुमचा एक जुना विद्यार्थी, आता फौजेत आहे, युनिफॉर्ममध्ये आला होता. तो माइक धरून म्हणाला, "सरांनी आम्हाला शिकवलं, जिहाद म्हणजे जिद्द." लोकांनी टाळ्या वाजवल्या. संस्थेचे सेक्रेटरी सगळ्यांत लांब बोलले आणि पुरस्कार जाहीर केला. शेवटी घरच्यांपैकी कोणी दोन शब्द बोलणार का, असं विचारलं. भाभींनी मान हलवून नाही म्हटलं आणि निलोफर उठली.

माइक तिला उंच होता, तिने तो खाली केला नाही. म्हणाली, "माझ्या अब्बांचं जे वाक्य आज सगळ्यांनी सांगितलं, ते बरोबर नाही. जिहाद आणि जिद्द हे वेगळे शब्द आहेत. जिहाद म्हणजे कष्ट, प्रयत्न, स्वतःशी झगडा. आणि लढाईसुद्धा. तिला नियम आहेत. निरपराध माणसाला मारणं त्या नियमांत बसत नाही, त्याला फसाद म्हणतात. अब्बांना हे सगळं माहीत होतं. ते मराठीचे शिक्षक होते, त्यांना शब्द कळायचे. त्यांना तो 'सुद्धा' म्हणता आला नाही, कारण त्यांचं नाव युसूफ होतं. त्यांच्या वतीने मी म्हणते."

आणि खाली येऊन आईशेजारी बसली. लोकांना टाळ्या वाजवायच्या की नाही ते कळेना. शोकसभेत वाजवत नाहीत, पण आधीच्या सगळ्यांना वाजवल्या होत्या. शेवटी तो फौजेतला मुलगा उठला, तिच्यासमोर गेला आणि म्हणाला, "थँक्यू, ताई." इतक्या वर्षांचं भांडण तुमच्या घरातूनच कोणीतरी मिटवलं होतं. आणि लगेच सवयीने मी मागे वळून एकेक चेहरा बघून घेतला.

चहाच्या वेळी सेक्रेटरी कप घेऊन माझ्याजवळ आले. आवाज मऊ होता.

"मुलगी हुशार आहे हं तांबोळींची."

"आहे."

"कुठे शिकते म्हणालात?"

मी सांगितलं.

"एकटीच जाते-येते? की ग्रुप वगैरे आहे? नाही, हे असं सगळं डोक्यात कोण भरतं, हल्ली आईबापांना कळतसुद्धा नाही. हिला तर आता वडीलही नाहीत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माझ्या ओळखीचे एक साहेब आहेत पोलिसांत. त्यांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं. तिच्याच भल्यासाठी हो. सहज म्हणतोय."

सर, चहा अजून गरम होता. एवढाच वेळ लागला. तुम्ही मला डब्याचं झाकण लावत जे सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही, पण ते असं मऊ आवाजात, बिस्किटाची बशी पुढे करत येतं, हे मी तुमच्याइतकं जवळून कधी बघितलं नव्हतं.

"ती माझ्याकडे येते," मी म्हटलं. "डोक्यात जे काही भरलंय ते मी भरलंय. साहेबांना माझं नाव सांगा. कुलथे, इतिहास."

"तुम्हीपण ना, बाई," ते हसत म्हणाले आणि दुसऱ्या घोळक्याकडे गेले. ते कोणाशी बोलतात, ते मी शेवटपर्यंत बघत होते. सांगतील की नाही, मला माहीत नाही. सांगतील असाच माझा अंदाज आहे.

भाभींना आणि निलोफरला रिक्षापर्यंत सोडायला मी फाटकाबाहेर आले. भाभी आत बसल्या. निलोफरने एक पाय रिक्षात ठेवला आणि वळून विचारलं, "बाई, सेक्रेटरी सर माझ्याबद्दल काही विचारत होते ना?"

तिचा चेहरा उजळलेला होता. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की या बाई जे असेल ते सगळं सांगतात.

"हो," मी म्हटलं. "मुलगी हुशार आहे म्हणाले."

पुढचं नाही सांगितलं, सर.